चांदबिबीच्या महालात बूट

आप्पा,

काल ऑफिसच्या लोकांबरोबर चांदबिबीच्या महालावर गेलो होतो. पाथर्डी रस्त्यावरचा डोंगर तोच आहे, पण आता तिथं नुसतं जाता येत नाही, कुणाची तरी बाजू घेऊनच जावं लागतं. शहराचं नाव बदललं तेव्हापासून डबा खायला बसलं तरी हेच: हे आपलं का त्यांचं, ठेवायचं का पाडायचं. गाडीतही तेच चाललं होतं. मी आपला खिडकीबाहेर बघत बसलो. वैताग आलाय हो या सगळ्याचा.

मी लहान असताना तुम्ही आम्हाला तुमच्या शुगर फॅक्टरीच्या सुट्टीत सोनईहून एसटीनं तिथं आणलं होतं. आई दम खात पायरीवर बसलीय आणि तुम्ही मला सांगताय, लोक महाल म्हणतात पण हा मकबरा हाय, खाली निजामशाहीतला एक वजीर निजलाय. तळघरात उतरायच्या आधी तुम्ही चपला काढल्या. मी बघतच राहिलो. गावात कुणाच्याही दारात तुम्ही मानापोटी चपला काढत नव्हता. आज्याला वरच्या आळीतून त्या हातात धरून जावं लागायचं, तो राग तुमच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. मग इथं का, असं मी विचारलं.

"कुनी काढ म्हनलं तर काढायची न्हाई," तुम्ही म्हणालात. "हितं कोन म्हनतंय? आपून हून काढायची."

काल तळघराच्या तोंडाशी मी सवयीनं बूट काढले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मोबाईलवर फोटो काढत होता. माणूस वाईट नाही, रोज डब्यातली भाजी देतो. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "घाला ते बूट. फोटो ग्रुपवर जाणारेत. उगाच तुमच्या नावानं चर्चा नको."

बाकीचे खोळंबले होते. निवृत्ती तोंडावर आलीय, भांडायचं त्राण नव्हतं. मी वाकलो आणि नाड्या बांधल्या. फोटोत मी हसतोय. पायताणाचं दुसऱ्यानं सांगावं आणि आपण ऐकावं, हे आज्यानंतर आपल्या घरात माझ्याच वाट्याला आलं. लाज वाटते, आप्पा.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, एवढे गप्प का? ऊन लागलं म्हणालो. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून तर लिहितोय. तुम्ही समोर असता तर तुम्हालाही ऊन लागल्याचंच सांगितलं असतं.