मागणारं डोकं आणि डावा पाय

६ नोव्हेंबर १९७८, मोताळा
बुलढाण्याला जाऊन आलो. ह्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीची जखम भरत नाही, आता काळी पडतेय. डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिली, लागेना. म्हणाले, बिडीनं पायातल्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. साफ सोडा, कमी करून भागणार नाही. नाहीतर आधी बोटं, मग पाय. शिंप्याचा पाय. 

७ नोव्हें.
सकाळी ह्यांनी बिड्यांचं बंडल चुलीत घातलं. स्वतःहून, मी काहीच म्हटलं नव्हतं. दुपारी मी बालवाडीत शिकवून आले तर हे मशीनवर बसून बाही उसवत होते. उलटी जोडली गेली होती. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला.

१० नोव्हें.
ह्यांचं डोकं दुखतं, झोप नाही. पोरीवर खेकसले, मग तिची वेणी घालत बसले. वेडीवाकडी घातली.
नामदेवभाऊजी दुकानात आले होते, ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. सवयीनं बिडी पुढे केली. "एकानं काय होते बे?" ह्यांनी त्यांना बाहेर जाऊन ओढायला सांगितलं. भाऊजी रागानं निघून गेले. ह्यांना किती जड गेलं असेल, ते मला माहीत.

१६ नोव्हें.
परत बुलढाणा. ह्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "पाय सडून राह्यला, तरी मन बिडीच काऊन मागते?" मला वाटलं डॉ. चिडतील. पण समजावत बसले. धूर ओढला की निकोटिन काही क्षणांत मेंदूत पोचतं. तिथं डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं. बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की हेच पुन्हा करायचं. मिळालं नाही की कुरकुरतो. सगळं अजून कळलेलं नाही, शोध चालू आहे, हेही सांगितलं. एवढ्याशा धुराची केवढी करामत!
घरी आल्यावर म्हणाले, "म्हंजे मी लेचापेचा नाही. डोक्याले वळण लागलं हाये." बऱ्याच दिवसांनी चेहरा मोकळा दिसला.

२३ नोव्हें.
जेवताना आपणहून सांगितलं, दुपारी एक ओढली. लपवता आलं असतं. "पहिल्या झुरक्यालेच डोकं खुश झालं, अन् मले थ्याचाच राग आला." अर्धी विझवून टाकली म्हणे. मी रागवायला तोंड उघडलं होतं. पण असं खरं सांगणाऱ्या माणसावर...
ताटात अजून एक भाकर वाढली.

९ डिसें.
करंगळी काढली. दुखणं तिथंच थांबतं की वर चढतं, ते बिडी सुटण्यावर, असं डॉ. पुन्हा म्हणाले. नामदेवभाऊजी दवाखान्यात भेटायला आले. खिसे रिकामे करून आलो, एवढंच बोलले. दोघं तासभर बसले होते. मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

२ जाने. १९७९
आजपासून मशीनवर. नुसत्या उजव्या पायानं. लग्नसराईचे ब्लाउज पडून होते, तेच घेतले. शेजारच्या बोटाचा रंग डॉक्टरांना अजून पसंत नाही, पुढच्या महिन्यात बोलावलंय.
संध्याकाळी विचारलं, अजून मागतं का डोकं?
"रोज मागते. जेवण झालं का मागतेच."
"मग?"
"मागू दे. मी शिवून राह्यलो."