फ्रान्सच्या पत्रातला पाऊस

शहादा, ३ फेब्रुवारी १९१९

आज यांची ट्रंक उघडली — मानमोडीच्या साथीत हे गेले, त्यानंतर पहिल्यांदाच. दिवलीबाईसाठी. डोंगराकडून चालत आली, माझी शाळा सुटेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. तिचा भीमसिंग मजुरांच्या पलटणीतून फ्रान्सला गेला. वर्षभर खबर नाही. आता पत्र आलंय — फ्रेंचमध्ये! हे कॉलेजात फ्रेंच शिकले होते, त्यांचा कोश आणि व्याकरण आहे. मला तर इंग्रजीच जेमतेम.

"येवढंच सांग बाई," ती म्हणाली, "मन्हा पोऱ्या जित्ता शे का?"

४ फेब्रुवारी

पहिली ओळ लागली! 'इल' म्हणजे तो. 'इल प्लो' — तो रडतो. चार दिवस झाले, रडतोच आहे. वर्तमानकाळ — म्हणजे जिवंत!

रात्री ओट्यावरच मुक्काम केलेल्या दिवलीबाईला सांगितलं. डोळे पुसत हसली. "रडू दे. जित्ता शे ना!"

होळीनंतर तिच्या सुनेचा, फुलवंताबाईचा, दुसरीकडे पाट लावायचं ठरत होतं. ते आता मोडते म्हणाली, आणि धावतच गेली.

७ फेब्रुवारी

शाळा-तपासणी. पत्राला हात नाही.

८ फेब्रुवारी

दुसरं पान. 'तो दोऱ्या पडतो.' हे काय? गळफास? व्याकरण काढलं. समासात यांचं अक्षर — 'पावसाच्या वाक्यातला हा “तो” म्हणजे कुणीच नव्हे.'

रडण्याचं क्रियापद निराळं, पावसाचं निराळं, कोशात जवळजवळ. दोऱ्या पडतात म्हणजे धो धो पाऊस. आपल्याकडे पाऊस आपला आपण पडतो. त्यांच्याकडे कुणी नसलेला 'तो' लागतो.

पाऊस पडतोय. एवढंच होतं! भीमसिंग त्या पहिल्या ओळीत नव्हताच.

१० फेब्रुवारी

सगळं लागलं. पत्र तिथल्या एका शेतकरणीचं. भीमसिंग तिच्या गोठ्यात तापाने पडून होता. तिथेच गेला. पुरलं त्या दिवशी दोऱ्यांचा पाऊस. तिने आपली शाल त्याच्यावर घातली. आता पुन्हा चार दिवस झड लागलीय, त्याची आठवण येते, म्हणून लिहिते — असं.

मी आधी काय वाचलं! आणि लगेच सांगितलंही!

१६ फेब्रुवारी, रविवार

बैलगाडी करून तिच्या पाड्यावर गेले. सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. दिवलीबाई कणगी सारवत होती, सारवतच राहिली. मग म्हणाली, "सूनले सांगू नको. ती गयी ते मी एकली पडसू."

तेवढ्यात फुलवंताबाई पाणी घेऊन आली. माझ्याकडे बघून हसली. मी गप्प!

का गप्प बसले? एकटं पडणं काय असतं ते मला ठाऊक आहे म्हणून? पण ती विशीची पोर. माझ्या चुकीतून जिवंत झालेल्या नवऱ्याची वाट ती किती वर्षं बघणार?

१८ फेब्रुवारी

झोप नाही. उद्या नाही, परवा जाऊन सांगायचंच.

२० फेब्रुवारी

निघाले तर दोघी शाळेच्या दारात. दिवलीबाईने सुनेचं मनगट घट्ट धरलेलं.

"हिले वाची दाखाड," म्हणाली. "आते जसं शे तसं."