खोकल्याला पास नाही

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (लांबूनच घालतो. सध्या तुझ्या हाताच्या टप्प्यात येणं बरं नाही, एवढं मला कळतं.) गुडघे कसे आहेत, झोप लागते का, आणि चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधण्याचा भाऊजींचा उद्योग अजून चालू आहे का, ते कळव. कळवणार नाहीस, ठाऊक आहे. रविवारपासून तू माझ्याशी अबोला धरलायस असं भाऊजी फोनवर म्हणाले, आणि मागून तुझाच आवाज आला की त्याला सांगा, मी बोलत नाही म्हणून. असो. आवाज खणखणीत होता, म्हणजे तब्येत ठीक असावी. इकडे बाळ-बाळंतीण मजेत आहेत.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, हे माफीचं पत्र नाही. आई सतत आजारी, म्हणून तू मला काखोटीला मारून वाढवलंस, माझं शेंबडं नाक पुसलंस, शाळेत माझ्या वाटचं भांडलीस, सगळं मान्य. त्या बहिणीला मी माझ्या दारातून परत पाठवलं, हातातल्या लोकरीच्या टोपड्यासकट. जिन्यात शेजारीपाजारी टकामका बघत होते, तरी पाठवलं. उद्या तशीच आलीस तर उद्याही पाठवीन. का, ते शांतपणे वाच. (शांतपणे नाहीच जमलं तर निदान फाडण्याआधी तरी वाच.)

आमची पाहुणी (नावावरून लेक आणि जावई अजून भांडताहेत, म्हणून आपली पाहुणीच) जेमतेम तीन आठवड्यांची आहे. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की डांग्या खोकल्याची लस इतक्या तान्ह्या जिवाला देता येत नाही, दीड महिना व्हावा लागतो. तोवर तिच्या आसपास वावरणाऱ्या मोठ्यांनी ती टोचून घ्यायची, आणि खोकणाऱ्याने तर फिरकायचंच नाही. लेकीने पोटुशी असतानाच घेतली होती. मोठ्या माणसाला हा खोकला साध्या खोकल्यासारखाच वाटतो म्हणे. माणूस बाजारहाट करत, गप्पा मारत तो वाटत सुटतो. आणि तान्ही पोरं कधीकधी खोकतसुद्धा नाहीत, त्यांचा नुसता श्वास थांबतो. अक्का, तूच सांग. केवढं ते नाक तिचं! वाटाण्याएवढं. त्यातून हवा जाऊन जाऊन जाणार ती किती, आणि तीही थांबायची? मला खूप भीती वाटली. अजून वाटते.

आता माझा धंदा तुला माहीत आहे. नाट्यगृहाचा डोअरकीपर म्हणून उभी हयात गेली. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग बाहेर कोणी का असेना. एकदा खुद्द निर्मात्याला मी पहिला अंक संपेपर्यंत बाहेर ठेवला होता. (त्याच्या बायकोने मध्यंतरात मला स्वतः चहा आणून दिला. तो कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.) आणि खोकल्याबद्दल तर मला कोणी शिकवूच नये. रंगमंचावर कुणी मरायला टेकलं की प्रेक्षागृहात खोकल्याला ऊत येतो. कंटाळ्याचा खोकला, आपण आलोय हे कळवण्याचा खोकला, गोळीचा चुरचुरणारा कागद लपवण्याचा खोकला, अंधारात नुसत्या आवाजावरून मी रांग सांगायचो. तेव्हा डॉक्टरबाईंना मी म्हटलं, निर्धास्त राहा, खोकल्यातला माणूस आहे मी. त्या म्हणाल्या, आजोबा, आवाजावरून आम्हालाही खात्री देता येत नाही, तपासावं लागतं. माझा जरा अपमानच झाला. पण घरी आलो तो दारात खुर्ची टाकूनच बसलो.

पहिला तडाखा व्याह्यांना. ते गाणं शिकवतात, आणि नातीच्या कानात पहिला सूर आपलाच पडावा अशी त्यांची जिद्द. दिवसभर शिकवणीची पोरं यांच्या तोंडावर खोकणार, आणि हे तेच तोंड घेऊन पोरीच्या कानाला लागणार! मी विचारलं, लस घेतली का? तर म्हणाले, सुईने माझा गळा बसेल. अहो, दंडात टोचतात, गळ्यात नव्हे! मग त्यांनी हट्टाने जिन्यातूनच आलाप लावला. पाहुणी ढिम्म झोपून राहिली, तळमजल्यावरचा कुत्रा तेवढा उठला. हिने (म्हणजे तुझ्या भावजयीने) मला आतून डोळे वटारले, व्याही आहेत ते, म्हणून. असू देत. व्याही दुसऱ्याच दिवशी जाऊन टोचून आले आणि बाही वर करून दंडावरची पट्टी मला अशी दाखवली, जणू लढाईवरून आलेत. तरी मी त्यांना लगेच सोडलं नाही, कारण लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. हे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आणि मग तू आलीस. जिना चढताना खालपासून खोकत आलीस. मी काही म्हणायच्या आत म्हणालीस, हा माझा जुना खोकला आहे, घरचा आहे. अक्का, खोकल्याला घरचा आणि परका कळत नाही गं! मग तू लसीचं नाव ऐकून भडकलीस, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणालीस की तुला वाढवला तेव्हा कुठे होत्या असल्या लसी, आणि जगलासच ना तू?

जगलो. मी जगलो. पण आपल्या दोघांच्या मधे एक होता, अक्का. त्याचा विषय आपल्या घरात कोणी काढत नाही, मीही आज पहिल्यांदा काढतोय. आई सांगायची, तो तुझ्याच मांडीवर असायचा, आणि खोकून खोकून निळा पडायचा. कशाने गेला ते कोणी विचारलं नाही, मलाही माहीत नाही. तू तेव्हा एवढीशी पोर होतीस, तुझा काय दोष? पण आता आपण दोघं म्हातारे झालो, खोकला तान्ह्या पोराचं काय करतो ते आता आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असून मी तुला आत सोडलं असतं तर मी तुझा भाऊ म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नसतो. तुला राग आला तर येऊ दे. तुझा राग मला सोसवतो, दुसरं काही सोसवणार नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक दे. थांबतो.

तुझा (या बाबतीत मुळीच न ऐकणारा)
धाकटा भाऊ

ता. क. : एक सांगायचं राहिलं. सोमवारी पाहुणीचं वजन करायला गेलो, तेव्हा डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, आजोबा, तुम्ही कधी घेतलीत? मी मागे वळून पाहिलं, कुठल्या आजोबांना विचारताहेत ते. अक्का, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दारावरच्या माणसाला कधी तिकीट लागलंय का? एवढ्या वर्षांत मी सगळ्यांचं तिकीट फाडलं, माझं कोणी मागितलं नाही. आणि इतके दिवस मी तिला मांडीवर घेऊन, तोंडाशी तोंड लावून खेळवत होतो. पोरगी ठणठणीत आहे, पण व्याहीबुवा हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. (तिथेही मी त्यांना दोन पावलं मागे सरकवलं.) मी त्याच दिवशी टोचून घेतली. लेकीने मला घराबाहेर काढलंय. दोन आठवडे. बॅग तिनेच भरली.

ता. क. २ : तेव्हा मी उद्या तुझ्याकडे राहायला येतो. लेक म्हणाली, खोकणाऱ्या माणसाकडेच कशाला? मी म्हटलं, दुसरीकडे कुठे जाऊ मी? आल्या आल्या आधी तुला डॉक्टरकडे नेणार आहे, हात धरून, ओरडलीस तरी. खोकला तपासायचा, गोळ्या दिल्या तर संपवायच्या, मग सुई टोचून घ्यायची, आणि डॉक्टर दोघांनाही जा म्हणतील तेव्हाच परतायचं. तोवर दोघं भांडत बसू. मला दारातून हाकललंस तर तो तुझा हक्क आहे, मी हूं की चूं करणार नाही, पायरीवर बसून राहीन.

ता. क. ३ : तिची हनुवटी थेट तुझी आहे. परत गेलो की पहिल्यांदा तूच घे तिला, माझ्याही आधी. मात्र हात धुऊन.