साखरवालीच्या घरी रिकाम्या हातानं

३ मार्च, रविवार

तळण बंद! चर्चच्या स्वयंपाकघरातली मोठी कढई पास्टरनं आज स्वतः उचलून बाहेर नेली. पास्टर पेटिग्रू — वय एकतीस, जेवतो सशासारखं. "वर्षभरात आठ जणांना माती दिली मी. त्यातले पाच साखरेच्या आजारानं गेले." उपासनेनंतर भाजलेली कोंबडी, उकडलेला पाला, बिनसाखरेचा चहा. मागच्या बाकावरून कुणीतरी — "मेल्यावर तरी नीट जेवायला घाला रे बाबा!" सगळे हसले. माझी बायको अर्लीन हसली नाही. तिच्या डाव्या पायाच्या बोटाची जखम महिनाभर भरत नाहीये.

५ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या — एकोणतीस तारखेपर्यंत साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. आणि एकदा सुरुवात झाली की बोटावर थांबेलच असं नाही.

गाडीत अर्लीन म्हणाली, "कुणाला सांगू नकोस."

नाही सांगितलं. फक्त चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत नाव दिलं.

८ मार्च

म्हणजे गावभर झालं! इथं मिसिसिपीत आजाऱ्याच्या दारी रिकाम्या हातानं कुणी जात नाही. पहिली आली सिस्टर व्हॅश्टी — आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बाया सिस्टर. ती नि अर्लीन चाळीस वर्षं एका बाकापाशी उभ्या राहून गातात. हातात रताळ्याचा 'पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेलं रताळ्याचं गोड सारण — लोण्यानं थबथबलेलं, वर पाक. "तुला साखर झालीय म्हणे गं? घे, थोडं गोड खा, बरं वाटेल." हे म्हणताना डोळ्यांत खरं पाणी! आणि घास पोटात जाईपर्यंत हलत नाही.

संध्याकाळपर्यंत तीन पाय, दोन केक. पायापायी पाय जायचा हिचा.

१० मार्च, रविवार

चर्चमध्ये हीच मंडळी निमूट पाला चघळतात, मैदानाला फेऱ्या मारतात. चारच्या सुमारास आमची बेल. अजून एक केक.

१२ मार्च

"नको म्हण ना!"

"व्हॅश्टीला? माझ्या आईला शेवटची आंघोळ तिनं घातली, हॉलिस."

सकाळची साखर तीनशे दहा. दमलो. एका पेट्रोल पंपावर टायर विकण्यापासून सुरुवात केली होती, आज माझी तीन दुकानं आहेत. हवा कुठून जातेय ते नुसत्या आवाजावरून कळतं मला. इथंही कळतंय. बुजवता येत नाही.

१७ मार्च, रविवार

साक्षीच्या वेळी, म्हणजे चर्चमध्ये जो तो उठून मनातलं सांगतो तेव्हा, मीही उठलो. म्हटलं, "मंडळी, तुमचं प्रेम माझ्या बायकोला मारतंय. प्रार्थना करा. गोड आणू नका."

आमच्याकडे कुणी नुसतं शिंकलं तरी चार जण आमेन म्हणतात. आज छताचा पंखा ऐकू येत होता. पास्टर तेवढा 'आमेन' पुटपुटला.

बाहेर व्हॅश्टीनं गाठलं. "चाळीस वर्षं माझ्या हातचं चापलंस, ब्रदर हॉलिस. तेव्हा विष नव्हतं ते?"



२० मार्च

कुणी आलं नाही.

२४ मार्च, रविवार

बाकावर अर्लीनच्या शेजारी जागा रिकामी. व्हॅश्टी दोन रांगा मागं जाऊन बसली. गाण्यात अर्लीनचा सूर दोनदा घसरला — तो सावरायला शेजारी कुणी नव्हतं. घरी येऊन बिनमिठाचे घेवडे खाल्ले.

२९ मार्च

एकशे चाळीस! जखमेच्या कडा गुलाबी. बोट राहिलं! डॉक्टरीणबाईंनी माझाच हात धरून हलवला. मी गाडीत शीळ घालायला लागलो.

अर्लीन खिडकीबाहेर बघत होती. "राहिलं खरं बोट. आता चालत जाऊ कुणाकडे?"

शीळ बंद.

६ एप्रिल, शनिवार

प्रार्थनेच्या यादीत नवं नाव — सिस्टर व्हॅश्टी. साखर.

चहाला उठलो तर ओट्यावर मैदा सांडलेला. अर्लीन दुखऱ्या पायावर उभी राहून लाटतेय, शेजारी उकडलेली रताळी, लोणी, साखरेची अख्खी पिशवी. आणि गातेय!

"अगं, तिला साखर झालीय!"

"म्हणून काय रिकाम्या हातानं जाऊ?"

गाडी काढली.