शिडीच्या पायांचे ओरखडे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

बाबा पाटी रंगवताना पडले, तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर तू लिहिलंस, ‘तोल गेल्याने पडले.’ मी शाळा पाचवीत सोडली, पण तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून शब्द नेमका वापरायला शिकलो आहे. माणसाचा तोल जातो तेव्हा माणूस पडतो, शिडी जागेवर राहते. तू परत गेल्यावर मी त्या दुकानासमोरची फरशी मोजली. शिडीच्या दोन्ही पायांचे ओरखडे सव्वादोन फूट लांब आहेत. म्हणजे शिडीच घसरली. ती धरायला खाली तू होतास. होतास ना?

आपल्या कामात शिडी सोडायच्या आधी ‘सोडतो’ असं ओरडावं लागतं. समोरच्या न्हाव्याला ओरडणं ऐकू आलं नाही. तू फोनवर हसत होतास, एवढं त्याने पाहिलं.

बाबांचा मोडलेला हात जुळला, पण ब्रश त्यांनी मला देऊन टाकले. घरातही भिंत धरून चालतात. म्हणतात, “तोलच राहिला नाही रे.”

काल न राहवून त्यांना तिथे नेऊन ओरखडे दाखवले. वाकून त्यांवर बोट फिरवत म्हणाले, “मोजपट्टी घेऊनच जन्मलास तू! तोलच गेला माझा. धाकट्याला काही बोलू नकोस.”

तुझं नाव मी काढलंच नव्हतं.

आता ते भिंत धरतात तेव्हा पाय खरंच लटपटतात, की तुझं खोटं सांभाळतात, हेच मला कळत नाही. विचारवतही नाही. हे पत्रही पेटीत टाकत नाही.

दोघांवरही नजर ठेवून असलेला,
दादा