पपईच्या गरम टाकीचा वारस

मी, सिद्धलिंगप्पा बसप्पा कलशेट्टी, धंदा फळांची आडत, राहणार शेळगी, सोलापूर, माझ्यामागे काय कोणाचं हे राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे डोकं ठिकाणावर आहे. गोंधळ आहे तो फक्त कलम तीनचा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी नागम्माची. तिच्या हयातीत त्याला कोणी हात लावू नये.

२. ज्या हातगाडीवर पपईच्या फोडी विकून मी उभा राहिलो, ती स्टँडजवळ फळं विकणाऱ्या मायाक्काला द्यावी. माझा भाऊ गुरुशांत याने ती मागू नये. "आमचा सिद्धू पपई उकडून विकतो," असं बाजारभर सांगत हिंडला तो.

३. शेड आणि टाकी. पूर्वी दिल्लीला पाठवलेली पपई वाटेतच देठाकडून बुरशी धरायची. ती बुरशी मारायला ही गरम पाण्याची टाकी बांधली. हाताला चटका बसेल पण फळ शिजणार नाही, अशा पाण्यात पपई बुडवायची, मग गार पाण्यात, मग कागदात. उकडणं वेगळं, गुरुशांत!

आता ही कोणाला? मुलगा महेश्वर तोंडावर म्हणतो, "अप्पा, टाकी म्हणजे आपली लक्ष्मी की." पत्र्याआड फोनवर म्हणतो, "म्हातारं गेलं की भंगारात घालतो." मुलगी श्रीदेवी तोंडावर म्हणते, "किती दिवस वाफेत बसणार अप्पा? फोडून टाका ती." स्वयंपाकघरात आईला म्हणते, "अव्वा, टाकी बंद पडली तर अप्पा जगतील का गं?"

माझे कान तिखट, त्याचाच हा ताप. खरं कुठलं धरायचं, तोंडावरचं की पाठीमागचं? आणि मुलीला टाकी हवी की नुसता मी? हे कलम लिहून लिहून खोडलं.

शेवटी असं: शेड महेश्वरची, टाकी श्रीदेवीची. टाकी शेडच्या भिंतीतच बांधलेली आहे, फोडल्याशिवाय निघत नाही. एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने काही करू नये.

हे वाचून वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. आमचे टेम्पोवाले इमामसाब म्हणाले, "मालक, ह्ये तर भांडण लावून चाललाव की!"

"व्हय. भांडायला तरी समोरासमोर बसतील."

बसतील का, ते मला अजून उमगलेलं नाही. तरी सही करतो.

सही: सि. ब. कलशेट्टी
साक्षीदार: १. इमामसाब शेख, टेम्पोमालक २. शिवानी हत्तुरे, शेजारीण
सोलापूर, १४ मार्च २०२४