अनंताची संत्री आणि माझी अक्कल

भिवंडी,
रविवार

प्रिय अनंता यास,

तू वयाने लहान, तेव्हा रिवाजाप्रमाणे अनेक आशीर्वाद लिहायला हवेत; पण आशीर्वाद देण्याजोगं तोंड सध्या माझ्याकडे उरलेलं नाही. म्हणून नमस्कारच घे, आणि पुढचं पत्र भाऊजींचं नव्हे, एका अपराध्याचं आहे असं समजून वाच. वरुडला थंडी कशी आहे? बाग सुखरूप ना? तुझी ताई इकडे ठणठणीत आहे.

तुझी नमुन्याची पेटी मिळाली. ती दापोड्याच्या केसरीनाथशेठना पसंत पडली, तर यंदा व्यापाऱ्याला मध्ये न घेता बागेतला सगळा माल थेट त्यांच्या गोदामात जायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जास्त काळजी घेतली आणि घात झाला. पेटी उघडली तर फळं हिरवट-पिवळी, साल फुगलेली, दाबलं की आत जाणारी. मला वाटलं, प्रवासात बिघडली. (चाखून का नाही पाहिलं, म्हणशील. नमुन्याचं फळ खाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. पुढे जे केलं ते पाहता हे लिहितानाही कान गरम होतात.) निजामपुऱ्यात एका हातगाडीवर केशरी, घट्ट, चकचकीत फळांचा ढीग होता. नागपुरी आहेत का, असं विचारल्यावर गाडीवाला म्हणाला, "साहब, नागपुरी से भी बढ़िया." मी तुझी फळं त्याला दिली आणि तेवढीच त्याची घेतली. तो इतक्या झटपट कबूल झाला की मला त्या बिचाऱ्याची दयाच आली.

गोदामात मी शेठना आधी व्याख्यान दिलं. (जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाची जीभ अशा वेळी थांबत नाही.) कुर्गचं संत्रं कॉफीच्या मळ्यात कसं वाढतं, खासी डोंगरातलं कसं, दार्जिलिंगचं कसं, आणि या सगळ्यांत आपलं नागपुरी कसं आंबटगोड, नि साल इतकी सैल की लहान मूलही सोलेल. हे सांगता सांगता एक सोलायला घेतलं. नख रुतलं ते रुतलंच. व्याख्यान संपलं तरी साल निघेना. जोर लावला तेव्हा रस थेट शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला आणि माझ्या मुठीत मूठभर बिया राहिल्या. शेठनी एक फोड तोंडात टाकली. "मास्तर, ह्यो किन्नू हाय, पंजाबचा. नागपुरी न्हाय. तुमचा मेव्हना आमाला येडा समजतो काय?" त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. तुझं नाव खराब होत होतं आणि मी रुमालाने त्यांचा सदरा पुसत उभा होतो. फार लाज वाटते रे.

दोन दिवस घास गोड लागला नाही. काल पुन्हा दापोड्याला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शेठ इतके हसले की हमाल काम सोडून बघायला आले. "म्हंजे खरी नागपुरी त्या गाडीवाल्यानं इकली!" तुझ्यावरचा राग गेलाय. दुसरी पेटी मागवलीय. हिरवट, फुगलेली, जशी असतील तशी फळं पाठव. फक्त ती थेट गोदामात जाऊ दे, मास्तरांच्या हाती नको, एवढी त्यांची अट आहे. मलाही ती रास्त वाटली.

तुझा शरमिंदा भाऊजी,
माधव

ता. क. यातलं अक्षरही ताईला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. रिकामी पेटी पाहून तिने विचारलं, तेव्हा अनंताने सडकी फळं पाठवली, फेकून दिली, असं मी सांगून बसलो होतो. परवा ती फोनवर तुझ्यावर का कडाडली, ते आता लक्षात आलं असेल. शेठसमोर धीर केला, पण तिच्यासमोर अजून होत नाही. ती पुन्हा फोन करील, तेव्हा तेवढी माफी मागून टाक. फार रडवेला आवाज मात्र काढू नकोस. मी शेजारीच बसलेला असेन, मला ऐकवणार नाही.